बॅटरी घराला, ऊन गाडीला: नाशिकच्या सोलर-ईव्ही पॅकेजची पारख

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड या भागांतल्या रो-हाउसवाल्यांना आणि बंगलेवाल्यांना सध्या जी कोटेशनं मिळतात, त्यांत चार वस्तूंची एकच मोट बांधलेली असते. ५ किलोवॉटचे पॅनेल, ५ किलोवॉटचा सिंगल फेज हायब्रिड इन्व्हर्टर, साधारण १० युनिटची लिथियम बॅटरी आणि भिंतीवर बसवायचा ७.४ किलोवॉटचा चार्जर. सोबत एक वाक्य हमखास असतं: दिवसा बॅटरी भरा, रात्री गाडी भरा, बिल शून्य. चारही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत. गडबड त्या वाक्यात आहे, कारण त्या वाक्याप्रमाणे वायरिंग केलं की पॅकेजमधली सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात हलक्या कामाला जुंपली जाते.

आधी गाडीची भूक मोजू. नेक्सॉन ईव्ही किंवा विंडसरच्या आकाराची गाडी शहरात एका युनिटला साडेसहा-सात किलोमीटर चालते. महिन्याला १००० किलोमीटर धरले तर बॅटरीत १५० युनिट जायला हवेत, आणि गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरची घट धरून मीटरवर १६५ ते १७० पडतील. छताचा ठोकताळा असा की १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. थोडक्यात गाडीसाठी दीड किलोवॉट पुरतो. 'गाडी आहे ना, मग ८ किलोवॉट लागेलच' असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी महिन्याचे किलोमीटर विचारायला लावा.

गाडीमुळे बिल का भडकतं, तेही इथेच कळतं. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. २५० युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे १७० आले की आकडा ४२० वर जातो, आणि ३०० च्या पुढचे सगळे युनिट वरच्या दराने लागतात. छतावरची वीज हेच महागातले युनिट आधी खाते. ५ किलोवॉटचे महिन्याला सरासरी ६०० युनिट येतात, म्हणजे या घराला भरपूर झाले. तरीही बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

बॅटरीचा हिशेब

गाडी दिवसभर सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत उभी आणि ऊन घरी, ही खरी अडचण आहे. विक्रेता तिच्यावर बॅटरी सुचवतो. पण नेट मीटर असेल तर हे काम आधीच फुकटात होत असतं. दुपारी छतावरून बाहेर गेलेले युनिट बिलात जमा होतात आणि रात्री गाडीने घेतलेल्या युनिटमधून वजा होतात. मार्चअखेर जे शिल्लक राहतात ते महावितरण बऱ्याच कमी दराने घेते, म्हणून छत गरजेपेक्षा फार मोठं करू नये एवढंच.

बॅटरीतून तेच काम केलं तर काय पडतं? ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचं एक मॉड्यूल म्हणजे ५.१२ युनिट. दोन मॉड्यूल मिळून १०.२४, त्यातले वापरायला सव्वानऊ धरा. बाजारात लिथियम युनिटमागे पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान मिळतं. वीस हजार धरले तर १० युनिटचे दोन लाख. रोज पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली तरी दहा वर्षांत ३३ हजार युनिट तिच्यातून जातील, म्हणजे नुसतं साठवायला युनिटमागे सहा रुपये. वीज वेगळीच. त्यात घट आहे. छताचे १० युनिट बॅटरीत जाऊन परत घरच्या एसी प्रवाहात बदलेपर्यंत साडेआठ उरतात आणि ऑनबोर्ड चार्जरमधून गाडीच्या पोटात साडेसात जातात. तेच १० युनिट दुपारी थेट गाडीला दिले तर नऊच्या आसपास पोचतात.

शिवाय आकारच जुळत नाही. मुंबईहून परतीचे १७० किलोमीटर, त्यात कसारा घाट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दीड-पावणेदोन टनांची गाडी तेवढी उचलायलाच अडीच-तीन युनिट जास्त जातात. घरी पोचलेल्या गाडीला २७-२८ युनिट भरायचे आणि घरच्या बॅटरीत नऊ. दर्यामें खसखस.

बॅटरी घेऊच नये असं मात्र नाही. लाइट गेल्यावर तिची किंमत कळते. साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर वीजपुरवठा बंद झाला की स्वतःही बंद होतो, भर उन्हात छत मुकं बसतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. हायब्रिड इन्व्हर्टर अशा वेळी घर ग्रिडपासून तोडून बॅटरी आणि पॅनेलवर चालवतो. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय मिळून ४००-५०० वॉट धरले तर सव्वानऊ युनिट अठरा-वीस तास पुरतात. या कामाला पाच युनिटचं एक मॉड्यूलही पुष्कळ झालं, फक्त एक अट आहे: अशी बरीच मॉड्यूल सलग ५० अँपिअरच देतात, म्हणजे अडीच किलोवॉट. बॅकअपच्या डीबीवर (वितरण पेटीवर) गिझर किंवा एसी असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतला नियंत्रक, सगळं घर अंधारात टाकेल. गिझर, एसी आणि गाडीचा चार्जर या तिघांना बॅकअपपासून लांब ठेवा.

जुन्या ट्युब्युलर बॅटऱ्यांवर हा डोलारा उभारायचा विचार असेल तर सोडून द्या. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत १.८ युनिट असतात आणि अर्धेच वापरायचे असतात.

सीटी कुठे बसवला आहे ते बघा

पॅकेजमधली नेहमीची चूक पाहायची असेल तर मीटरजवळचा डबा उघडा. मेनच्या फेजच्या वायरभोवती चिमट्यासारखं काळं कडं असतं. तो सीटी. घर ग्रिडमधून किती ओढतंय हे इन्व्हर्टरला तो सांगतो, आणि ओढ दिसली की इन्व्हर्टर बॅटरी मोकळी करून ग्रिडची ओढ शून्यावर आणतो.

आता रात्री नऊ वाजता गाडी लावली. चार्जरने ३२ अँपिअर ओढले. सीटीला वाटलं घरात सात किलोवॉटचा लोड आला. इन्व्हर्टरने बॅटरीतून पाच किलोवॉट सोडले. दोन तासांच्या आत बॅटरी तळाला. अकरा वाजता जूनमधलं वादळ आलं, लाइट गेली, आणि दोन लाखांची बॅटरी घरात असून पंखा बंद. त्यातले युनिट गेले गाडीत, जिला ते सकाळपर्यंत ग्रिडमधून सावकाश मिळालेच असते.

उपाय फुकट आहे. मीटरकडून घराकडे येताना आधी चार्जरचा फाटा काढायचा आणि त्याच्या पुढे, घराच्या बाजूला, सीटी बसवायचा. मग इन्व्हर्टरला चार्जर दिसतच नाही, त्यामुळे बॅटरी गाडीसाठी रिकामी होत नाही. आणि दुपारी घर भागून, बॅटरी भरून उरलेली सोलर वीज बाहेर निघाली की वाटेतच चार्जर ती घेतो, मीटरपर्यंत जाऊ देत नाही. वायरिंग झालेलं असेल आणि सीटी हलवता येत नसेल तर इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीची राखीव पातळी ६० टक्क्यांवर ठेवा. पावसाळ्यात ८० टक्के.

सीटीवर बाण असतो. तो उलटा बसला की इन्व्हर्टरला निर्यात ही आयात वाटते आणि तो बॅटरी ग्रिडमध्ये ओतत राहतो. तीन फेजच्या घरात दुसरीच चूक होते: इन्व्हर्टर एका फेजवर आणि सीटी दुसऱ्या. दोन्ही चुका अ‍ॅपवर पाच मिनिटांत पकडता येतात. इन्व्हर्टरच्या फेजवरचा दोन किलोवॉटचा गिझर चालू करा. अ‍ॅपवरचा घराच्या लोडचा आकडा तेवढाच वाढला पाहिजे, उतरता कामा नये.

काही व्हेंडर चार्जर थेट इन्व्हर्टरच्या बॅकअप टर्मिनलवर जोडतात, 'लाइट नसताना पण गाडी चार्ज होईल' म्हणून. होत नाही. ५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ७.४ चा लोड पडला की तो ओव्हरलोडने बसतो. चार्जर १० अँपिअरवर आणला तरी बऱ्याचदा गाडी नकार देते, कारण ग्रिड तुटल्यावर इन्व्हर्टरचा न्यूट्रल अधांतरी राहतो आणि चार्जरला अर्थिंग सापडत नाही. लाल दिवा लागतो, मालक शोरूमला फोन करतो, शोरूमवाले गाडी तपासतात. बिघाड गाडीत नसतोच.

चार्जर: भिंतीवरचा की डिकीतला?

भिंतीवरचा टाइप २ चार्जर गाडीला वीज ढकलत नाही. 'इतके अँपिअर उपलब्ध आहेत' एवढंच तो सांगतो, किती घ्यायचे ते गाडी ठरवते. या बोलीत सर्वांत लहान आकडा ६ अँपिअर, म्हणजे १.४ किलोवॉट. त्याच्या खाली चार्जिंग होतच नाही. 'सोलर मोड' (उरलेल्या सोलर विजेवरच चार्जिंग) नावाने जादा पैसे लावून जे विकतात, त्याची मर्यादा इथे आहे. ऑगस्टच्या ढगाळ दुपारी छत ६०० वॉटवरून २००० वर आणि पुन्हा ७०० वर जात असतं. चार्जर सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, आतला काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) टकटक करत झिजतो. विश्रांतीचा अवधी दहा मिनिटं ठेवण्याची सोय असेल तर ठेवा. पण मुळात नेट मीटरवाल्याला हे सगळं कशासाठी हवं? बिलात वजावट महिन्याच्या युनिटची होते, सेकंदासेकंदाची नाही. पैसे खर्चायचेच असतील तर लोड बॅलन्सिंगवर खर्चा. ३२ अँपिअरचा चार्जर, ९ चा गिझर आणि ७ चा एसी मिळून ४८ होतात, आणि ४० अँपिअरचा मेन तेवढे सोसत नाही. लोड बॅलन्सिंग गिझर लागला की गाडीचे अँपिअर आपोआप उतरवतं.

खरं तर ७.४ किलोवॉटची गरजच कमी वेळा लागते. चार्जर १६ अँपिअरवर बांधून ठेवला तरी रात्री दहा ते सकाळी सहा २९ युनिट जातात. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचाच असेल तर भिंतीवरच्या ७.४ चा उपयोग शून्य. हे गाडीच्या माहितीपत्रकात बघून मगच कोटेशनवर सही करा.

गाडीसोबत मिळणारा १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर ५ किलोवॉटच्या छताला सगळ्यात छान जुळतो, हे कुठलाच विक्रेता सांगत नाही. तो तीन-सव्वातीन किलोवॉट ओढतो. निरभ्र दिवशी साडेदहा ते साडेतीन छत जवळपास तेवढंच देतं. पाच तासांत १६ युनिट, शहरातले दोन दिवस सहज. घरून काम करणाऱ्यांनी किंवा दुसरी गाडी असलेल्यांनी भिंतीवरच्या चार्जरचे पैसे वाचवायला हरकत नाही.

फक्त सॉकेट नेहमीचं नको. घरातलं १६ अँपिअरचं मॉड्युलर सॉकेट गिझरच्या अर्ध्या तासासाठी ठीक असतं, सलग आठ तासांसाठी नाही. सैल झालेल्या पिनेत ओहमचा दहावा भाग जरी अडथळा आला तरी १५ अँपिअरला २२ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे सॉकेटच्या पोटात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळका वास येतो. निळं, झाकणवालं औद्योगिक सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट डीबीपासून, २० अँपिअरचा एमसीबी. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नाही. वेळ लावायला वायफायचा स्वस्त स्मार्ट प्लगही नाही, त्याचे काँटॅक्ट चिकटतात आणि मग तो बंदच होत नाही. वेळ गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये लावा.

भिंतीवरच्या चार्जरला ६ चौरस मिलिमीटर तांबं, अंतर २५ मीटरच्या पुढे गेलं तर १०, आणि ४० अँपिअरचा एमसीबी. आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, याबाबत भाव करू नका. वायरमन दुकानातून जो ३० मिलिअँपिअरचा आणतो तो बहुधा एसी टाइप असतो. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून थोडी डीसी गळती झाली तर असा आरसीसीबी आंधळा होतो आणि खरा शॉक बसताना उडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर ए टाइप चालतो, नसेल तर बी टाइप लागतो. कोणता ते वर्क ऑर्डरवर लिहून घ्या.

गच्चीवरचं

पॅनेल हा पॅकेजमधला सगळ्यात बिनधोक भाग. दक्षिणेकडे १५ ते २० अंश कलते आणि पाण्याच्या टाकीची सावली चुकवली की निम्मं काम झालं. डिसेंबरात दुपारी तीनला सावली कुठवर येते ते बघून जागा ठरवावी, मे महिन्यात बघून नाही. ब्रिकबॅट कोब्याला भोकं पाडू देऊ नका. वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवता येतात, नाहीतर पहिल्याच पावसात खालच्या खोलीचं छत ओलं दिसेल.

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या साखळीत, किती पॅनेल, हा प्रश्न इकडे थंडीमुळे नाजूक होतो. ५४५ वॉटच्या पॅनेलचा ओपन सर्किट (लोड नसतानाचा) व्होल्टेज २५ अंशांना साडेएकोणपन्नासच्या आसपास असतो आणि दर अंश थंडीला पाव टक्क्याहून थोडा अधिक वाढतो. दहा पॅनेलचे ४९५ व्होल्ट पाच अंशांच्या पहाटे ५२२ होतात, ६०० व्होल्ट सोसणाऱ्या इन्व्हर्टरला चालतात. बारा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये घातले तर ५९४ चे ६२६ होतात, आणि अनेक सिंगल फेज इन्व्हर्टर ६०० च्या पुढे सोसत नाहीत. मे महिन्यात बसवलेली यंत्रणा जानेवारीत उन्हं फुटताना जाते ती अशी. निफाड-पिंपळगावकडच्या लोकांनी हे गणित समोर बसून करून घ्यावं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण किंवा मुरूम, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा नुसता खणून चालत नाही. डीसी, एसी आणि तडितरोधक असे तीन खड्डे वेगळे हवेत आणि मीटर लावून आकडा ५ ओहमच्या आत आहे का ते समोर बघा. कोरड्या एप्रिलमध्ये मोजलेला आकडा खरा, पावसाळ्यातला फसवा.

बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचा मोह होतो, वायर वाचते. नको. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना त्या खोलीत पन्नासच्या वर जातं आणि बीएमएस चार्जिंग आवळतो. जिन्याखाली, हवेशीर, पश्चिमेची भिंत सोडून. पॅनेल धुवायला पहाटेची वेळ आणि नळाचं पाणी. बोअरच्या क्षाराचे डाग धुळीपेक्षा चिवट.

एका गोष्टीचं श्रेय गाडीला द्यायला हवं. एकाच डीपीवर पाच-सहा घरांची छतं असली की दुपारी लाइनचा व्होल्टेज चढतो आणि वरची मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, ऐन उन्हात. त्याच वेळी गाडी लावली की व्होल्टेज उतरतो आणि छत चालू राहतं.

कागद

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार अनुदान मिळतं. ५ किलोवॉटलाही तेवढंच. पॅनेल देशी सेलचे, डीसीआर, लागतात. बॅटरीला वेगळं अनुदान नाही. कोटेशनमधला कर तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे सामान ७० आणि काम ३० अशा विभागणीत एकूण १३.८ ऐवजी ८.९ टक्के लागतो. जुना दर लावलेलं कोटेशन सरळ परत करा.

मंजूर भार चार्जर धरून आधी वाढवून घ्या, मग नेट मीटरचा अर्ज. उलट क्रमाने केलं की दोनदा खेपा. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळते. वेळेनुसार दराचा जमाना येतोय, त्यामुळे नेट मीटरची वजावट वेळेच्या कप्प्यांत होते की सरसकट, हे अर्जाच्या वेळीच उपविभाग कार्यालयात लेखी विचारून ठेवावं. कप्प्यांत होत असेल तर दुपारी गाडी लावण्याचं महत्त्व आणखी वाढतं.

आणि पासवर्ड. इन्व्हर्टरचं पोर्टल बहुतेक व्हेंडर स्वतःच्या इन्स्टॉलर खात्यावर उघडतात आणि मालकाला फक्त आकडे बघण्यापुरतं खातं देतात. राखीव पातळी, सीटीची दिशा, चार्जिंगच्या वेळा, हे सगळं इन्स्टॉलरच्या हातात राहतं. तो माणूस दोन वर्षांनी धंदा बदलून गेला की पावसाळ्यासाठी ६० चे ८० टक्के करायलाही कुणी नसतं. खातं मालकाच्या ईमेलवर काढून, बदलाचे अधिकार मिळाल्याचं समोर तपासून, पासवर्ड बदलून झाल्यावरच शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता द्या.